‘दारू पितो म्हणून मारतो’ : एका वाक्याचा अभ्यास

मंडळाच्या मागच्या बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चर्चा चालली होती. टिळकांचा संताप, त्यांचं घरातून निघून जाणं, सासरे वामनराव यांचा कडक स्वभाव, हे सगळं लक्ष्मीबाई इतक्या मिस्कीलपणे सांगतात की वर्ग हसत होता. मीही हसत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून द्वितीय वर्षाची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे आमच्या घरात झालं असतं तर आपण हसलो असतो का?” वर्ग गप्प झाला. मग एकजण म्हणाला, “पण टिळक दारू पीत नव्हते ना.”

त्या दोन वाक्यांनी मला हा लेख लिहायला लावला. पहिल्याचं उत्तर माझ्याजवळ लगेच नव्हतं. दुसऱ्या वाक्यात मात्र आपल्या भागातली एक पक्की समजूत दडलेली आहे. निपाणीच्या ज्या गल्लीत मी वाढले तिथं ‘दारू पितो म्हणून मारतो’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते मला व्याकरणाच्या पुस्तकातलं कारणदर्शक वाक्याचं उदाहरणच वाटायचं. या वाक्यातला ‘म्हणून’ खरा आहे का, एवढंच आज तपासू.

आधी थोडं शब्दांविषयी. आपण मराठीचे विद्यार्थी आहोत, तेव्हा तिथूनच सुरुवात केलेली बरी. घरातल्या हिंसेला आपल्याकडे शब्द कमी नाहीत. जाच, छळ, सासुरवास, मारझोड. पण रोजच्या बोलण्यात हे शब्द क्वचितच येतात. तिथं येतं ते ‘जरा हात उचलला’, ‘दोन ठेवून दिल्या’, ‘काल त्यांच्यात वाजलं’, ‘भांड्याला भांडं लागायचंच’. ‘हात उचलला’ या शब्दांत फक्त हात वर जातो, तो खाली कुणावर आला ते वाक्यात नाहीच. ‘वाजलं’मध्ये तर कर्ताच नाही. कुणी वाजवलं? दोघांनी मिळून? भांड्याच्या उपमेत दोन्ही भांडी सारखीच, दोघांनाही सारखाच पोचा. उलट बाईविषयीची क्रियापदं पाहा. तिला ‘नांदवतात’, तिला ‘टाकतात’, ती ‘नांदायला जाते’. नवऱ्याच्या वाक्यातून कर्ता गायब होतो, आणि बायको कायम कर्म म्हणून उभी असते. भाषेमुळे कुणी मारतो असं माझं म्हणणं नाही. पण जे झालं ते सांगायला शेजाऱ्याजवळ सरळ वाक्यच नसेल, तर तो पोलिसांना काय सांगणार?

आता आकडे. आकड्यांचा कंटाळा करू नका, फार देणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ ला, कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी २०.६ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधीतरी झाल्याचं सांगितलं होतं. पाचव्या फेरीत हा आकडा ४४.४ टक्के झाला. देशाची सरासरी २९.३, आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रात २५.२. म्हणजे या बाबतीत आपलं राज्य देशात सगळ्यात वर.

हे वाचून कुणीही पटकन म्हणेल, ‘लॉकडाऊन होतं ना.’ नव्हतं. कर्नाटकातलं पाचव्या फेरीचं काम २०१९ मध्येच उरकलं होतं, करोना यायच्या आधी. चार वर्षांत मारणारे हात दुप्पट झाले, की सांगणाऱ्या जिभा सुटल्या? बहुधा दोन्हीचं काहीतरी मिश्रण असावं. कुठलं किती, हे त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. पण याच सर्वेक्षणात आणखी एक प्रश्न होता. बायको न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलट बोलली, घराकडे-पोरांकडे दुर्लक्ष केलं, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे का? देशभरात ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी ‘हो’ म्हटलं. कर्नाटकात बायकांमध्ये हा आकडा ७७ टक्क्यांच्या आसपास आहे आणि पुरुषांमध्ये त्याहूनही जास्त. मला ४४.४ पेक्षा या आकड्याची धास्ती जास्त वाटते. ज्या गोष्टीला दहातल्या सात-आठ बायकाच ‘चालायचंच’ म्हणतात, तिची तक्रार कोण करणार? मार खाल्लेल्यांपैकी देशात जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. बहुतेकींनी तर आईलासुद्धा सांगितलं नाही.

आता दारू. ज्या बायकांचे नवरे वारंवार पिऊन येतात त्यांच्यापैकी ७० टक्के जणींना मार किंवा जबरदस्ती सोसावी लागलेली आहे. ज्यांचे नवरे अजिबात पीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के. फरक मोठा आहे, तिपटीचा. तेव्हा गल्लीतल्या बायका खोटं बोलत नव्हत्या. दारू धोका वाढवते, खूप वाढवते. पण हेच आकडे उलटे वाचा. थेंबही न पिणाऱ्यांच्या घरातसुद्धा शंभरात तेवीस बायका मार खातात, आणि सतत पिणाऱ्यांच्या घरातल्या शंभरात तीस जणी खात नाहीत. कारण म्हणावं तर ते असं अर्धवट कसं चालेल?

आमच्या शेजारी एक काका होते. तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, रोज संध्याकाळी पिऊन यायचे. मी पाचवी-सहावीत असेन. येताना कोपऱ्यावर वखारीचे मालक भेटले तर काका झोकांडी सावरून हात जोडायचे, “नमस्कार मालक.” पोलीस दिसला तर रस्त्याच्या कडेनं सरळ चालायचे. आणि उंबरा ओलांडला की दोन मिनिटांत काकूंचा आवाज. दारूनं भान जातं म्हणतात, पण मालक कोण आणि बायको कोण याचं भान काही गेलेलं नसायचं. कुणाला मारलं तर चालतं, हे त्यांना पिण्याआधीच माहीत होतं. दारूनं फक्त उशीर टाळला.

म्हणूनच अभ्यासक ‘कारण’ हा शब्द जपून वापरतात आणि ‘जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी’ असं म्हणतात. बीपी, साखर, विडी, घराण्यातला आजार या सगळ्यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो, पण एकट्या विडीला कुणी ‘कारण’ म्हणत नाही, तसंच. फरक एवढाच की हृदय काही निर्णय घेत नाही, माणूस घेतो. जोखमीची यादी ही मारणाऱ्याची सबब नव्हे, हे एकदा सांगून ठेवते, कारण पुढच्या परीक्षेत कुणीतरी तसं लिहिणारच. लोरी हाइझे या अभ्यासिकेनं १९९८ मध्ये या गोष्टी एकात एक बसवलेल्या वर्तुळांसारख्या मांडल्या. आत माणूस आणि त्याचं बालपण, त्याभोवती नवरा-बायकोचं नातं आणि घरातल्या पैशाची सत्ता, त्याभोवती गल्ली, नातेवाईक, रोजगार, आणि सगळ्यात बाहेर समाजाच्या रीती आणि कायदे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ च्या अहवालात अशीच मांडणी वापरली. चित्र काढून पाठ करायला सोपं आहे, पण मला ते चित्र फार स्वच्छ वाटतं. आपल्याकडे ही वर्तुळं एकमेकांत शिरलेली असतात.

कशी, ते एका अभ्यासातून सांगते. तो आपल्याच राज्यातला आहे. विजयेंद्र राव या अर्थशास्त्रज्ञांनी कर्नाटकाच्या ग्रामीण भागातल्या कुंभार समाजाच्या कुटुंबांत जाऊन हा प्रश्न अभ्यासला आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. चार गोष्टी पुढे आल्या. नवऱ्याची दारू, हे अपेक्षितच. कमी मिळालेला हुंडा. मुलगे असले तर धोका थोडा कमी. चौथी गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचली : बायकोची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मार खाण्याचा धोका वाढतो. का? आता तिला दिवस जाण्याची भीती नाही, म्हणजे ती कुणाकडेही जाऊ शकते, हा संशय! सरकारी दवाखान्यात दोन लेकरांनंतर ज्या ऑपरेशनसाठी नवरा स्वतः सही करतो, तेच पुढे संशयाचं मूळ होतं. इथं कुठलं वर्तुळ आणि कुठली चौकट? सरकारी योजना, नात्यातला अविश्वास, समाजाची पातिव्रत्याची कल्पना, सगळं त्या एका टाक्यात शिवलेलं आहे. राव यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. बायकांशी बोलताना असं दिसलं की ‘योग्य कारणासाठी’ आणि ‘प्रमाणात’ मारलं तर त्याला कुणी अत्याचार म्हणत नव्हतं. मर्यादा ओलांडली की मगच लोक मध्ये पडायचे. मर्यादा कुठली, ते पुन्हा लोकच ठरवणार.

आता पैसा. हा भाग मी जरा सविस्तर घेणार आहे, कारण निपाणीच्या माणसाला तो टाळता येत नाही.

आपल्या भागात बायका कमावतात. वखारीत तंबाखू चाळतात, निवडतात, घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांनी प्रा. सुभाष जोशी यांच्या सोबतीनं संघटना उभी केली ती १९८० च्या आगेमागे. त्यांच्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला. १९८१ च्या एप्रिलात तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यावर झालेला गोळीबार हे आपल्याला शाळेपासून ऐकून माहीत असतं, पण वखारीतल्या बायकांचा लढा त्यामानानं कमी सांगितला जातो. याच ‘युगांतर’नं पुढच्या वर्षी हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेबरोबर घरातल्या हिंसेवर तेलुगू चित्रपट केला. वखारीच्या दाराबाहेरची आणि घराच्या दारातली अशी दोन्ही भांडणं त्या काळात एकाच दमात पाहणारे लोक होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तर प्रश्न असा : बाई कमावती झाली की मार कमी होतो का? माझी स्वतःची समजूत होती की होतो. बंगळूरच्या वस्त्यांमधल्या अभ्यासांनी ती हलवली. सुनीता कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १६ ते २५ वयाच्या ७४४ विवाहित मुलींना विचारलं. ५६ टक्के जणींनी नवऱ्यानं कधी ना कधी मारल्याचं सांगितलं. लग्नानंतर पुन्हा हुंडा मागितला गेला असेल त्या घरात धोका दुपटीहून जास्त. पण ज्यांनी प्रेमविवाह केला होता, ज्या एखाद्या गटात किंवा कामाच्या प्रशिक्षणाला जात होत्या, त्यांच्यातही धोका जास्तच निघाला! काही महिन्यांनी याच मुलींकडे परत जाऊन पाहिलं तर आणखी स्पष्ट झालं. जिला पहिल्या वेळी काम नव्हतं आणि दरम्यान लागलं, तिच्या घरी मार वाढलेला दिसला, आणि ज्याचं काम अडचणीत आलं त्या नवऱ्याच्या घरीही वाढलेला दिसला.

म्हणजे पोरींनी काम करू नये की काय? असा अर्थ काढणारे भेटतील, त्यांच्यापासून सावध राहा. धोका पगारात नसतो. घरातली तागडी हलते त्या क्षणी असतो. नवऱ्याचं काम सुटलंय, बायकोला हप्त्याचा पगार मिळालाय, आणि ‘घर मी चालवतो’ हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही. ते खरं असल्यासारखं दाखवायला काहींना हात उचलावा लागतो. आज गृहलक्ष्मीचे दोन हजार बाईच्या खात्यात येतात, तेव्हा एटीएम कार्ड आणि मोबाईल कुणाच्या खिशात असतो हे आपापल्या घरी पाहा. बचत गटाचं, मायक्रो फायनान्सचं कर्जही तसंच. कर्ज तिच्या नावावर, पैसे गेले त्याच्या बैलात किंवा पोरीच्या लग्नात, आणि हप्ता चुकला की दारात उभा राहणारा माणूस तिचं नाव घेऊन ओरडतो. बाहेरची बेअब्रू आत मार होऊन येते. या वसुलीच्या जाचाविरुद्ध राज्य सरकारला २०२५ च्या फेब्रुवारीत अध्यादेश काढावा लागला. त्याआधी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्याच होत्या.

मग तागडी स्थिर कशानं होते? याचं एक उत्तर केरळात सापडलं. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा २००५ चा अभ्यास तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला. ज्या बायकांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी मार सोसला होता. जिच्या नावावर दोन्ही, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के. फक्त घर असलं तरी मोठा फरक. पगार नवऱ्याला हिसकावून घेता येतो. घर तिच्या नावावर असेल तर तिला जायला जागा आहे हे दोघांनाही माहीत असतं, आणि बहुतेक वेळा तिला जावंच लागत नाही.

लहानपणी घरात मारझोड पाहिलेली मुलं मोठेपणी मारण्याचा, आणि मुली मार निमूट सोसण्याचा धोका जास्त, हे सगळीकडे दिसून आलंय. त्यावर जास्त लिहीत नाही. ज्यांना सांगायचं त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एवढंच, की धोका म्हणजे ललाटलेख नव्हे. अशा घरांतून आलेली कितीतरी शांत माणसं मी ओळखते, त्यातली दोन आपल्या कॉलेजातच आहेत.

आता आपल्या सीमाभागाची खास गोष्ट. पुस्तकांत ती मिळणार नाही. आपल्याकडे लेक देताना राज्य बघत नाहीत. माहेर कागल, गडहिंग्लज, चंदगडकडे, सासर निपाणी, चिकोडी, बेळगावला, किंवा उलट. एरवी त्याचं कौतुक. पण मार खाल्लेली बाई पहाटे माहेरी पोचली की तिथल्या चौकीत सांगतात, “घटना कर्नाटकात घडलीय, तिकडं जा.” तिकडं आली तर अर्ज कानडीत. ती बोलते मराठी, लिहिणारा लिहितो कानडी, आणि खाली अंगठा तिचा. तिनं काय सांगितलं आणि काय लिहिलं गेलं हे तिला कळत नाही. इथं मला सीमावादाचं राजकारण करायचं नाही. बेळगावात कानडी बोलणारी सून कोल्हापूरला दिली तर तिचीही गत हीच. जिथं तक्रार करणं अवघड, तिथं मारणं सोपं. राज्याची सीमा ही आपल्याकडची एक जोखीम आहे.

आणि ही जोखीम कायद्यानं बरीचशी काढून टाकलेली आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट आहे की बाई सध्या जिथं राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि त्यांचा आदेश सगळ्या देशात चालतो. म्हणजे माहेरी कागलला राहून निपाणीच्या नवऱ्याविरुद्ध दाद मागता येते. फौजदारी गुन्ह्याचंही तसंच. पूर्वीचं कलम ४९८ अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं रूपाली देवी खटल्यात २०१९ मध्ये सांगितलं की घराबाहेर पडावं लागलेली बाई जिथं आसऱ्याला गेली, तिथंही तक्रार नोंदवता येते. २००५ च्या कायद्यात फक्त बायको नाही. बहीण, आई, विधवा वहिनीही येते. आणि घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्यातून हुसकावता येत नाही. तालुक्याला महिला व बाल विकास खात्याकडे संरक्षण अधिकारी असतात, अंगणवाडीच्या बाई ऑफिस दाखवतात. वकील बाईला मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. अर्ज वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. हे शेवटचं कुठल्या कलमात आहे म्हणून सांगत नाही, अनुभवानं सांगते.

आपलं कॉलेज मिशनचं आहे, तेव्हा चर्चबद्दल न बोलता पुढे गेले तर ते बरं दिसणार नाही. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय लग्नात वाचतात. पत्नीनं अधीन राहावं एवढा भाग सगळ्यांना पाठ असतो. पतीनं स्वतःच्या शरीरासारखं तिला जपावं, तिच्यासाठी स्वतःला द्यावं, हा त्याच्याहून लांब भाग मात्र कानावरून जातो. मार खाऊन आलेल्या बाईला “प्रार्थना कर, क्रूस उचल” असं सांगणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात वाईट नसतं. पण सहन करण्याला पुण्य म्हटलं की धोका वाढतो, हेही तितकंच खरं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबावरच्या पत्रात बायकांवरच्या हिंसेला भ्याडपणा म्हटलं, आणि दुबळ्या जोडीदाराला किंवा लेकरांना वाचवायला वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं, हेही मान्य केलं. आणि कायद्याचं म्हणाल तर २००१ पर्यंत ख्रिस्ती बाईला नवऱ्याच्या क्रूरपणासाठी घटस्फोट मिळत नव्हता! १८६९ च्या कायद्यानुसार तिला क्रूरपणाबरोबर त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र एकटा व्यभिचाराचा आरोप पुरायचा. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आयांच्या लग्नाच्या वेळी कायदाच सांगत होता, नुसता मार पुरेसा नाही.

आता थोडं घाईचं, पण जपून वाचा. सगळे धोके सारखे नसतात. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेनं १९८५ पासून जीव जाण्याच्या धोक्याची लक्षणं गोळा केली. मारण्याची धमकी, घरात हत्यार, वाढत जाणारा संशय, गरोदरपणात मारणं, आणि गळा दाबणं. गळा दाबल्याच्या खुणा कधी कधी दिसत नाहीत, म्हणून लोक ते ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतात. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बायकांचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून अधिक आढळला. दुसरं, बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. तेव्हा मैत्रिणीला नुसतं “सोडून दे त्याला” म्हणू नका. कुठं जायचं, कागद कुठं आहेत, सोबत कोण, हे ठरवून मगच. १८१ ही महिलांची हेल्पलाईन, तातडीला ११२, लेकरांसाठी १०९८. हे मोबाईलमध्ये ‘हेल्पलाईन’ नावानं ठेवू नका, दुसऱ्या कुठल्या तरी नावानं ठेवा.

आमच्या शेजारच्या काकू एकदा गेल्या होत्या, माहेरी, कागलच्या पलीकडं. पंधरा दिवसांत परत आल्या. गल्लीनं म्हटलं, “नवऱ्याचा जीव लागला.” मी पुढं कॉलेजात गेल्यावर धीर करून विचारलं, “काकू, तेव्हा परत का आलात?” त्या विडी वळत होत्या, हात थांबला नाही. “आगं, विडीचं कार्ड हिकडं. पोरांची शाळा हिकडं. रेशन हिकडं. माहेरात माझ्या नावाची वाटी बी न्हाई.” जीव लागल्याचा विषय त्यात कुठंच नव्हता.

काही वर्षांनी त्यांना सरकारी योजनेतून दोन खोल्यांचं घर मिळालं, कागद त्यांच्या नावावर. गेल्या दिवाळीत भेटायला गेले. काका आता थकलेत, तरी पितात. ते बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं. काकूंनी दाराच्या वरच्या नंबराच्या पाटीकडं बघितलं.

“हात न्हाई उचलत आता. बोलतो मात्र लई.”